ऑनलाइन वंशावळ शोधताना: नाव जुळलं म्हणून माणूस आपला होत नाही

घरातल्या थोरामोठ्यांना विचारून झालंय, जुने दाखले, पत्रं, फोटोंमागचा मजकूर हाताशी आहे, असं धरून चालतो. फॅमिलीसर्च या वंशावळ शोधायच्या संकेतस्थळावर खातं उघडा, ते मोफत आहे. पैसे भरायची संकेतस्थळं नंतर. स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जा. स्पेलिंगची खात्री नसेल तर एका अक्षरासाठी प्रश्नचिन्ह, अनेक अक्षरांसाठी तारा (*) टाका.

इथवर कुणीही पोचतं. खरी गोची पुढे आहे: सापडलेला माणूस आपलाच कशावरून?

नाव, गाव आणि साधारण वय जुळलं की लोक नोंद झाडाला, म्हणजे आपल्या वंशवृक्षाला, चिकटवून मोकळे होतात. ‘तीन गोष्टी जुळल्या की पुरे’ हा सल्ला तर सरळ कानाआड करा. एकाच गावात एकाच नावाचे चुलतभाऊ सर्रास सापडतात. युरोपात मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची पद्धत होती. म्हणजे आईवडिलांची नावं जुळूनही बाप्तिस्म्याची नोंद भलत्याच, लहानपणीच वारलेल्या भावाची निघू शकते. म्हणून जन्म सापडला की लगेच त्या नावाचा बालमृत्यू शोधा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर पुढच्या साऱ्या पिढ्या परक्या घरच्या.

मी आपला माणूस शोधतच नाही. आधी त्या भागातले, त्या काळातले त्या नावाचे सगळे जण कागदावर मांडतो. मग प्रत्येकाचं लग्न, मुलं, धंदा, मृत्यू लावत जातो. एक लहानपणीच गेला, दुसऱ्याची बायको वेगळी, तिसरा परदेशी गेला. असे एकेक गळत शेवटी एक उरला, तर तो बहुधा आपला. दोन उरले तर दोघांनाही ‘संशयित’ म्हणून ठेवा आणि लग्नातले साक्षीदार, जनगणनेतले शेजारी तपासा. नात्यातली नावं तिथे हमखास डोकावतात.

आकडे जुळत नाहीत म्हणून घाईने कुणाला बादही करू नका. इंग्लंड-वेल्सच्या १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय साधारणपणे खालच्या पाचाच्या पटीत उतरवलंय. चौतिशीचा माणूस तिथे तीस वर्षांचा दिसतो. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे एप्रिल १७२० नंतर फेब्रुवारी १७२० येतो. आणि अमेरिकेतली १८९० च्या जनगणनेची नोंद मिळत नसेल तर डोकं आपटू नका. १९२१ च्या आगीत त्यातल्या बहुतेक नोंदींची वाट लागली.

शोधात दिसते ती कुणीतरी, किंवा हल्ली यंत्राने, वाचून केलेली सूची. मूळ पानाचं छायाचित्र उघडल्याशिवाय काहीही मान्य करू नका. काही छायाचित्रं घरून उघडत नाहीत, त्यासाठी फॅमिलीसर्चच्या केंद्रात जावं लागतं. जावं. दुसऱ्यांच्या तयार झाडांवर तर माझा काडीचा विश्वास नाही. पन्नास झाडांत एकच तारीख असेल, तर एकाने लिहिली आणि बाकीच्यांनी उतरवली असंच समजतो. धागा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको.

जिवंत माणसांचे तपशील खासगी ठेवा. संकेतस्थळावर सोय असेल तर झाडाची जेडकॉम (GEDCOM, वंशावळीची माहिती साठवायचा फाइल-प्रकार) फाइल स्वतःच्या संगणकावर उतरवा. तिच्यात छायाचित्रं सहसा येत नाहीत, ती वेगळी जपावी लागतात.