पिस्तुलाचं काडतूस आणि कार्बाइनची नळी

कार्बाइन, म्हणजे पिस्तुलाचं काडतूस झाडणारी आखूड रायफल, घ्यायची ठरली की पहिला वाद निघतो तो ९ मिमी की .४५ असा. हा वाद पिस्तुलवाल्यांचा आहे आणि त्यांच्यापाशीच राहू द्यावा. सोळा इंची नळीत गेल्यावर काही काडतुसं पार पालटतात, काही होती तशीच राहतात. मी नेमबाजीच्या सामन्यांच्या दिवशी क्रोनोग्राफच्या, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या, टेबलावर बसते. कोण किती बढाया मारतो आणि गोळी प्रत्यक्षात किती वेगाने जाते, हे दोन्ही तिथे एकदमच कळतं.

पिस्तुलाच्या काडतुसात दारू थोडी असते आणि ती झटकन जळते. ९ मिमीत साधारण चार ते सहा ग्रेन (ग्रेन म्हणजे दारू आणि गोळी मोजायचं एकक, ग्रॅमच्या साधारण पंधराव्या हिश्शाएवढं). दहा-बारा इंचांपर्यंत गॅस गोळीला नीट रेटतो, पुढे दाब उतरतो आणि नळीचं घर्षण वरचढ होऊ लागतं. म्हणून ११५ ग्रेनची गोळी पिस्तुलातून सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास निघते, ती कार्बाइनमधून ४०० च्या घरात जाते. फायदा आहे, पण डोळे दिपावेत असा नाही. .४५ एसीपीला त्याहून कमी मिळतो. त्याचा कमाल दाब २१,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), ९ मिमीचा ३५,०००. आधीच मंद असलेली २३० ग्रेनची गोळी लांब नळीतही मंदच राहते.

आता .३५७ मॅग्नम बघा. १९३५ चं हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस. लांब पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या कवचात) सावकाश जळणारी भरपूर दारू असल्याने नळीचा जवळजवळ प्रत्येक इंच त्याच्या कामी येतो. १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्व्हरमधून ३७५ च्या आसपास, तर लिव्हर अ‍ॅक्शन (दर फैरीला हाताने दांडा ओढायच्या) कार्बाइनमधून पाचशेच्या वर. ऊर्जा जवळपास दुप्पट होते. .४४ मॅग्नमचंही तसंच. शंभर मीटरवर काही करायचं असेल आणि लिव्हर ओढायचा कंटाळा नसेल, तर माझं मत सरळ .३५७ ला. शिवाय त्याच बंदुकीत सरावासाठी .३८ स्पेशल चालतं. फक्त त्याची पुंगळी आखूड असल्याने चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या खणात) काजळीचं कडं साचतं. ते ब्रशने काढल्याशिवाय परत मॅग्नम घालू नका.

बहुतेक जण मात्र घेतात ती अर्धस्वयंचलित कार्बाइन, आणि तिथे काडतुसाआधी बोल्टकडे, म्हणजे चेंबरमागच्या मागेपुढे सरकणाऱ्या ठोकळ्याकडे, बघायला हवं. यातल्या बऱ्याच बंदुका साध्या ब्लोबॅकच्या असतात. बोल्टला कुलूप नसतं, त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच पुंगळी वेळेआधी बाहेर पडायची थांबते. गोळीचा संवेग वाढला की बोल्टही जड करावा लागतो. म्हणून दाब कमी असूनही .४५ ला ९ मिमीपेक्षा जड बोल्ट लागतो, आणि १० मिमी ऑटोला तर विचारूच नका. तो लोखंडाचा गोळा दर फैरीला मागे आपटतो आणि परत पुढे येतो. "पिस्तुलाचंच तर काडतूस, धक्का कसला?" म्हणणारे पहिल्या मॅगझिननंतर गप्प होतात ते यामुळे. रोलर किंवा रेडियल पद्धतीने उशिरा उघडणारा बोल्ट असेल तर हलका बोल्ट पुरतो आणि धक्का बराच मऊ होतो. १० मिमी किंवा .४० हवंच असेल तर अशीच बंदूक बघा. साध्या ब्लोबॅकमध्ये +पी (नेहमीपेक्षा जास्त दाबाची) काडतुसं भरायची असतील, तर आधी मॅन्युअलमध्ये परवानगी आहे का ते वाचा.

सामन्यांसाठी घेत असाल तर विषय लवकर संपतो. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या कार्बाइन विभागात सगळ्यांचे गुण मायनरचेच, म्हणजे कमी ताकदीच्या काडतुसाचेच, धरतात, त्यामुळे मोठ्या काडतुसाला गुणांची बक्षिसी नाही. पॉवर फॅक्टर १२५ लागतो : ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंद वेग, भागिले हजार. १४७ ग्रेन ९०० फुटांनी गेली तरी १३२ होतात. तेव्हा ९ मिमी घ्या, आणि पिस्तूलही ९ मिमी असेल तर दोघांना एकच मॅगझिन बसेल अशी कार्बाइन शोधा. ही सोय कागदावर दिसते त्याहून मोठी आहे.

९ मिमीत वजन कोणतं? सरावाला ११५, कारण सहसा तेच स्वस्त. १२४ सगळीकडे बरं चालतं. १४७ ध्वनीच्या वेगाखाली, म्हणजे सुमारे ३४० मीटरच्या आत राहते, त्यामुळे गोळीचा तो कडकडाट होत नाही. पण लांब नळीत थोडा वेग वाढतोच. खोक्यावर "सबसॉनिक" छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका, क्रोनोग्राफवर बघा. ५० मीटरवर शून्य केलं, म्हणजे नेम तिथे बरोबर बसवला, तर शंभरवर १४७ ही ११५ पेक्षा ठळकपणे खाली पडते, तेव्हा वजन बदललं की शून्य पुन्हा तपासा.

.२२ लाँग रायफल मुलांना शिकवायला आणि खिशाला उत्तम. मळ फार करतं, एवढंच.

गोळीच्या नाकाकडे दुर्लक्ष नको. नळीखाली ट्यूब मॅगझिन असलेल्या लिव्हर अ‍ॅक्शनमध्ये प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीला, टेकलेलं असतं. तिथे सपाट नाकाचीच गोळी, टोकदार अजिबात नाही. अर्धस्वयंचलितमध्ये उलटी तक्रार : रुंद तोंडाचे होलो पॉइंट (टोकाला पोकळ गोळ्या) काही कार्बाइनच्या रॅम्पवर, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर, अडतात, गोल नाकाच्या सरकतात.

खोकं उचलण्याआधी नळीवर कोरलेलं वाचा. नुसतं "९ मिमी" पुरेसं नाही. ९×१७, ९×१८ मकारोव, ९×१९ आणि ९×२१ ही चार वेगळी काडतुसं आहेत. ९×२१ तर इटलीसारख्या, लष्करी काडतूस (९×१९) तेव्हा नागरिकांना बंद असलेल्या देशांसाठीच निघालं. तुमच्या परवान्यावर कोणतं बसतं ते पैसे देण्याआधी विचारून घ्या. खिशात लोहचुंबक असू द्या : गोळीला चिकटला तर आत किंवा आवरणात पोलाद आहे, आणि अशी काडतुसं पुष्कळ रेंजवर चालत नाहीत.

मग दोन-तीन वजनांची एकेक खोकी घ्या, एकदम हजारांची पेटी नको. प्रत्येकातून भरलेली मॅगझिन सलग चालवा, शेवटच्या फैरीनंतर बोल्ट मागे थांबतो का बघा, आणि रिकाम्या पुंगळ्या उचलून न्याहाळा. तळाशी फुगलेली किंवा कडेला फाटलेली दिसली तर ते काडतूस त्या बंदुकीचं नाही. एखादी फैर दबक्या आवाजात गेली तर लगेच थांबा, मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा आणि नळीत गोळी अडकली नाही ना ते सळई घालून पाहा. हलक्या दारूच्या .३८ मध्ये, लांब नळीत, हे पिस्तुलापेक्षा सहज घडतं.