छतावर गॅसवरचे हीटिंग युनिट बसवताना: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

गोदामांच्या, मोठ्या दुकानांच्या आणि कार्यालयांच्या सपाट छतांवर गॅसवर चालणारी हीटिंग युनिट बसवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी मॅनोमीटर, म्हणजे गॅसचा दाब मोजण्याचे यंत्र, वाचायला शिकवतो आणि पाना नंतर हातात देतो. बर्नर पेटला आणि खाली गरम हवा येऊ लागली की काम झाले, असे नव्या माणसाला वाटते. परंतु गॅसचा दाब चुकलेला असला तरी बर्नर पेटतोच, आणि त्या चुकीचे परिणाम काही महिन्यांनी, बहुधा आपण तेथे नसताना, दिसू लागतात.

युनिट छतावर चढवण्याआधी त्याची नेमप्लेट, म्हणजे त्याच्यावरची माहितीची पट्टी, नीट वाचावी. गॅस कोणता, येणाऱ्या गॅसचा किमान व कमाल दाब किती, चारही बाजूंना किती जागा मोकळी हवी, हे सर्व त्यावर आणि सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. छत हे वजन पेलेल की नाही, याचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा असतो; तो अंदाजाने आपण घेऊ नये. युनिट ज्या चौकटीवर बसते ती समपातळीत असावी आणि गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी मऊ पट्टी, आधीच चिकटवलेले असावे, कारण क्रेनला लटकलेल्या युनिटखाली हात घालून गॅस्केट सरकवण्याचा मोह फार घातक असतो. छतावरील प्रकाशासाठीच्या पारदर्शक पत्र्यांना उघडे भोकच समजावे आणि त्यांच्यावर कधीही पाय देऊ नये.

खरी जोखीम गॅसच्या पाइपमध्ये असते. पाइपचा व्यास ठरवताना त्याच लाइनवरच्या सगळ्या उपकरणांची एकत्रित गरज आणि मीटरपासूनची लांबी धरावी लागते. युनिटजवळ हाताने बंद करता येणारा व्हॉल्व्ह, त्याच्यापुढे युनियन (पाइप सोडवता येणारा सांधा) आणि गंज व कचरा खाली साठावा म्हणून किमान 75 मिलिमीटर लांबीचा खाली उतरणारा तुकडा, एवढे असलेच पाहिजे. सीलंट, म्हणजे सांध्यातून गळती होऊ न देणारा लेप, बाहेरच्या आट्यांनाच लावावे आणि टोकाचे पहिले दोन आटे कोरडे ठेवावेत, म्हणजे सीलंट आत ढकलले जाऊन गॅस व्हॉल्व्हमध्ये अडकत नाही. सांधा आवळताना दुसरा पाना गॅस व्हॉल्व्हच्या बाजूला धरून ठेवावा. नाहीतर सगळा पीळ व्हॉल्व्हच्या अंगावर येतो.

पाइपची दाब-चाचणी करताना बहुतेक गॅस व्हॉल्व्ह सुमारे अर्धा पीएसआय (दर चौरस इंचाला अर्धा पौंड), म्हणजे 14 इंच पाण्याच्या स्तंभाएवढाच दाब सोसतात, हे ध्यानात ठेवावे. चाचणीचा दाब त्याहून जास्त असेल, तर युनिट लाइनपासून पूर्णपणे सोडवावे. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. गळती साबणाच्या द्रावणानेच शोधावी, ज्योतीने कधीही नाही, आणि नंतर ते द्रावण पुसून टाकावे, कारण त्याने पाइप गंजू शकतो. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने उघड्यावर वर निघून जातो, पण एलपीजी जड असतो. गळालेला एलपीजी चौकटीच्या आत, डक्टमध्ये किंवा पावसाच्या पाण्याच्या पाइपात उतरून साठतो, म्हणून छत उघडे आहे या भरवशावर तेथे राहू नये.

आता मॅनोमीटर. येणारा दाब युनिट बंद असताना मोजला तर तो जवळजवळ नेहमीच ठीक दिसतो, कारण तेव्हा पाइपमधून गॅस वाहतच नसतो. त्याच लाइनवरची सर्व उपकरणे पूर्ण क्षमतेने चालू ठेवून तो पुन्हा मोजावा. पाइप अरुंद असेल तर आकडा तेव्हाच घसरतो. त्यानंतर मॅनिफोल्डचा, म्हणजे बर्नरना गॅस वाटणाऱ्या नळीतला, दाब पाहावा. नैसर्गिक वायूवरच्या पुष्कळ युनिटमध्ये तो पाण्याच्या स्तंभाच्या 3.5 इंचांच्या आणि एलपीजीवर 10 इंचांच्या आसपास असतो, परंतु प्रमाण नेमप्लेटवरच्या आकड्यालाच मानावे. गॅसचा प्रकार बदलायचा असेल, तर उत्पादकाच्या किटप्रमाणे बर्नरची छिद्रेही बदलावी लागतात. केवळ दाबाचा स्क्रू फिरवून हे काम होत नाही.

जळालेला वायू बाहेर पडण्याची जागा ताज्या हवेच्या झडपांपासून दूर हवी. बऱ्याच पुस्तिकांत हे अंतर 3 मीटर दिलेले असते, आणि शेजारच्या युनिटच्या झडपाही त्यात धराव्यात. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे जळालेला वायू विश्लेषक यंत्राने मोजल्याशिवाय ज्वलन बरोबर आहे असे म्हणू नये. पुरवठ्याच्या आणि परतीच्या हवेतील तापमानाचा फरकही नेमप्लेटच्या मर्यादेत यायला हवा. हवा कमी वाहिली तर हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्वालेची उष्णता हवेला देणारा धातूचा भाग, वारंवार तापून पुढे त्याला तडा जातो.

सुरक्षा-स्विच वारंवार उघडून युनिट बंद पाडत असेल, तर त्याच्या दोन टोकांना वायर जोडून युनिट चालू करून देणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांचे ऐकू नका. स्विच का उघडतो ते शोधा. शेवटी युनिट पूर्ण चालू असताना हातव्हॉल्व्ह बंद करून पाहावा. ज्योत विझताच गॅस व्हॉल्व्हचा वीजपुरवठा तुटला पाहिजे, युनिटने ठरलेल्या वेळा पुन्हा पेटण्याचा प्रयत्न करून स्वतःला कुलूपबंद केले पाहिजे, म्हणजे आपोआप पुन्हा पेटायचे थांबले पाहिजे, आणि हे डोळ्यांदेखत झाल्यावरच सर्व मोजमापे नोंदवहीत लिहून सही करावी.