मीडिया पूलमध्ये पहिली क्लिप टाकण्याआधी

शूटवरून आलेली एसएसडी टेबलावर पडली की हात शिवशिवतात. जोडावी आणि शॉट बघत बसावं असं वाटतं. जोडा, पण आधी फक्त कॉपी करायला. मी इथे ब्लॅकमॅजिकचा पॉकेट ६के कॅमेरा आणि डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग आणि कलरचं सॉफ्टवेअर धरून लिहितोय, कारण माझं रोजचं काम त्यांच्यावरच चालतं. उदाहरणं बरीचशी वारीच्या शूटमधली आहेत.

कॉपीआधी जागा मोजून घ्या. ६१४४ × ३४५६ मध्ये, ८:१ कॉम्प्रेशनला, सेकंदाला २५ फ्रेमने शूट केलं तर दर सेकंदाला साधारण १०० एमबी जमा होतात, म्हणजे तासाभराला ३६० जीबी. दोन प्रती म्हटल्या की सातशे वीस. फाइल मॅनेजरमधून ओढून टाकण्यापेक्षा रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवरचं क्लोन टूल वापरा. ते एकाच वेळी दोन ड्राइव्हवर कॉपी करतं आणि चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळवून बघतं. एसएसडीवरचं फोल्डर आहे तसंच्या तसं उचला. आणि फाइलींची नावं बदलू नका, अगदी ‘रिंगण फायनल’ असं लिहायचा कितीही मोह झाला तरी. कॅमेऱ्याने दिलेलं नाव नीट वाचलं तर त्यात सगळं असतं. ‘ए००१_०७०२१६४२_सी०१४’ म्हणजे ए कॅमेरा, पहिलं रील, २ जुलै, दुपारचे चार बेचाळीस, चौदावी क्लिप. अर्थात कॅमेऱ्याचं घड्याळ कोणी लावलं असेल तर. दोन्ही कॅमेरे ‘ए’ म्हणूनच चालवले असतील तर ते आत्ताच विचारून घ्या आणि प्रत्येकाला वेगळं फोल्डर द्या.

आता नवा प्रोजेक्ट उघडा, पण बिन, म्हणजे मीडिया पूलमधला क्लिपा ठेवायचा कप्पा, रिकामाच राहू द्या. शिफ्ट आणि ९ दाबलं की प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडतात. मास्टर सेटिंग्जमध्ये टाइमलाइन फ्रेम रेट बघा, म्हणजे कट लावायच्या पट्टीवर सेकंदाला किती फ्रेम ते. रिझॉल्व्ह आपणहून तिथे २४ ठेवतं. तुमचं शूट २५ चं असेल तर ते आत्ताच २५ करायचं, कारण मीडिया पूलमध्ये फुटेज आलं की हा आकडा राखाडी होतो आणि मग हलत नाही. आधी बदललं नसेल तर पहिली क्लिप टाकताना रिझॉल्व्ह एकदा विचारतं, की क्लिपचा रेट वेगळा आहे, प्रोजेक्टचा बदलू का? घाईत आपण ‘डोन्ट चेंज’ दाबून मोकळे होतो. मी झालो होतो. चार रात्री कट लावल्यावर रिंगणाचा शॉट मोठ्या मॉनिटरवर लावला, तर धावणारा अश्व दर सेकंदाला एकदा किंचित अडखळत होता. आधी वाटलं ड्राइव्ह हळू चालतोय. मग मोजलं. २५ फ्रेमची क्लिप २४ च्या टाइमलाइनवर वेळ तीच ठेवून बसवायची तर सेकंदाला एक फ्रेम गळणारच. उभ्या माणसाच्या मुलाखतीत ते कळतही नाही, पॅनमध्ये, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, आणि धावत्या घोड्यात लगेच दिसतं. वेगळ्या रेटची नवी टाइमलाइन काढता येते, पण जुने कट तिच्यात नेले की एक-दोन फ्रेम इकडेतिकडे होतात. तो सगळा शनिवार मी कट पुन्हा जुळवण्यात घालवला.

तेव्हा कॅमेरामनला आधीच फोन करून विचारा, २४, २३.९७६ की २५? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ ला १८० अंशाचं शटर ठेवलं की मुक्कामाच्या तंबूतल्या दिव्यांचा लुकलुकाट येत नाही. २४ ला त्यासाठी १७२.८ ठेवावं लागतं. स्लो मोशनसाठी ५० ने घेतलेल्या क्लिपा कुठल्या, तेही त्याच फोनमध्ये लिहून घ्या.

प्रोजेक्ट सेटिंग्जच्याच खिडकीत कॅमेरा रॉ नावाचं पान आहे. रॉ म्हणजे पीठ नव्हे, गहू. कसं दळायचं ते इथे ठरतं. वरच्या यादीतून ब्लॅकमॅजिक रॉ निवडा. ‘डीकोड युझिंग’ला कॅमेरा मेटाडेटा, म्हणजे शूटच्या वेळी कॅमेऱ्याने नोंदवलेली सेटिंग्ज, राहू द्या. तिथे ‘प्रोजेक्ट’ केलंत तर पहाटेची काकड आरती आणि भर दुपारचा घाट या दोन्हींना एकच व्हाइट बॅलन्स लागेल, आणि कॅमेरामनने जागेवर केलेली मेहनत एका क्लिकमध्ये जाईल. एखादी क्लिप सुधारायची असेल तर नंतर कलर पेजवर तेवढीच ‘क्लिप’वर न्या. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, हाही तिथे बदलतो, पण मर्यादेत. या कॅमेऱ्याला दोन मूळ आयएसओ आहेत, ४०० आणि ३२००. १०० ते १००० पहिल्या गटात, १२५० पासून पुढचे दुसऱ्या गटात. ८०० ला घेतलेला काळोखा शॉट इथून १६०० ला नेता येत नाही, ते ग्रेडमध्येच, म्हणजे रंग-उजेड जुळवतानाच, बघावं लागतं. ‘अप्लाय लट’वर खूण आहे का, तेही पाहा; लट म्हणजे रंग बदलायचा तयार तक्ता. कॅमेऱ्यात क्लिपसोबत लट रेकॉर्ड झाला असेल तर चित्र आधीच रंगवलेलं दिसतं आणि दिग्दर्शक त्याच रंगाच्या प्रेमात पडतो.

डीकोड क्वालिटी कामापुरती अर्ध्यावर किंवा पावावर ठेवा, लॅपटॉप दुवा देईल. मात्र रेंडरच्या, म्हणजे शेवटची फाइल काढायच्या, वेळी डिलिव्हर पेजवर ॲडव्हान्स्डमध्ये डीबेअर, म्हणजे रॉ मधून रंगीत चित्र काढणं, सर्वोच्च दर्जाने करायची जी खूण आहे ती लावायची, आणि हे आत्ताच कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवायचं. माझ्याकडे तो कागद अजून आहे, चहाच्या डागासकट.

कलर मॅनेजमेंटचा निर्णय एकदाच. कलर मॅनेज्ड निवडलंत तर रॉ क्लिपचा रंग रिझॉल्व्ह स्वतः ओळखतं. मग कलर पेजवरच्या नोडमध्ये, म्हणजे ग्रेडच्या पायरीत, पुन्हा रूपांतराचा लट टाकू नका. चेहरे भाजल्यासारखे दिसायला लागले की समजा रूपांतर दोनदा झालंय.

वर्किंग फोल्डर्समध्ये कॅश (तात्पुरत्या फाइली) आणि प्रॉक्सी (कामापुरत्या हलक्या प्रती) यांची जागा सिस्टम ड्राइव्हवरून हलवा. जिथे मोकळी जागा आणि वेग दोन्ही आहे, तिथे. फुकटातली आवृत्ती वापरत असाल तर ६के फुटेज आत येतं, पण बाहेर ३८४० × २१६० च्या वर जात नाही. ग्राहकाला काय कबूल केलंय ते आठवा.

आवाजाचा सॅम्पल रेट ४८००० आहे ना, एवढं बघून पुढे जा. आणि कोणीतरी मोबाइलवर घेतलेले शॉट नक्की येतील, वारीत तर येतातच. मोबाइलचा फ्रेम रेट शूट चालू असतानाच खालीवर होतो. ते शॉट आधी हँडब्रेकमधून स्थिर २५ चे करून घ्या, तोवर त्यांना बिनबाहेरच बसवा.

एवढं झालं की प्रत्येक कॅमेऱ्याची एकेकच क्लिप आत घ्या. शक्यतो हलती, दिवसाची एक आणि रात्रीची एक. दहा सेकंदांची टाइमलाइन लावा, रेंडर करा आणि ती फाइल रिझॉल्व्हच्या बाहेर, साध्या प्लेअरमध्ये, पेनड्राइव्हवरून टीव्हीवरही लावून बघा. टाळकऱ्यांचे हात न अडखळता हलले, टाळ पडतो तिथेच आवाज आला, तर बाकीचं फोल्डर ओढा.