बाथरूममध्ये पाणी वाचवताय? या चुका टाळा

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या फेरीला १० वॅगन, ५ लाख लिटर. तो उन्हाळा लातूरात काढल्यापासून पाणी मोरीत वाहताना मला बघवत नाही. आणि ते बहुतेक वेळा आपल्या नकळत वाहतं.

गिझरचंच घ्या. गरम पाणी येईपर्यंत नळ मोरीत सोडायचा आणि मग कढत पाण्यात विसण घालायला गार नळ उघडायचा! अहो, पाइपातलं ते पहिलं गार पाणी हीच विसण. बादली आधीपासूनच नळाखाली ठेवा.

सगळ्यात जास्त पाणी खातो तो गळका फ्लश, कारण त्याचा आवाज होत नाही. टाकीचं झाकण काढून कपड्यांच्या निळीचे आठ-दहा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश दाबू नका. आमच्याकडे विसाव्या मिनिटाला भांड्याच्या मागच्या बाजूनं दोऱ्याएवढी निळी रेघ उतरली. लगेच अख्खी टाकी बदलायला निघू नका. आधी टाकीत डोकवा. पाणी ओव्हरफ्लोच्या उभ्या नळीवरून आत पडत असेल तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, खाली घ्या, तेवढ्यानं भागतं. पातळी नळीच्या खाली असूनही गळत असेल, तर दोष तळाच्या रबरात. बोअरच्या पाण्याचे क्षार त्यावर चढतात आणि ते नीट बसत नाही. व्हिनेगर लावून पुसून पाहा, कडक झालं असेल तर नवं टाका.

टाकीत वीट ठेवायचा सल्ला मात्र ऐकू नका. वीट झिजते, तिची माती त्याच रबराखाली अडकते. जुनी १० लिटरची टाकी असेल तर पाण्यानं भरलेली, घट्ट झाकणाची बाटली ठेवा. ६ लिटरच्या टाकीत तीही नको. एकदा फ्लश करून भागलं नाही की दोनदा करावा लागतो.

दात घासताना, दाढी करताना नळ बंद, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.

ठिबकणारा नळ जोर लावून आवळणं ही आणखी एक चूक. त्यानं वॉशर चेपतो आणि ठिबक वाढते. रात्री खाली तांब्या ठेवा, सकाळी किती भरला ते कळेल. जुन्या नळाचा वॉशर बदला, अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळाचा आतला स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा दांडा. पण नळ खोलण्याआधी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व फिरतो का ते पाहा. वर्षानुवर्षं हात न लागलेला व्हॉल्व ऐन वेळी जाम निघतो आणि वाचवायला निघालेलं पाणी तिथंच धो-धो जातं.