टर्बो उतरवण्याआधी: ऑइल खाणाऱ्या जुन्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसची तयारी

आधी एक वही आणा. गाडी ऑइल खाते एवढं कळून उपयोग नाही, किती खाते ते कळलं पाहिजे. सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केल्यावर दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरून घ्या. ओडोमीटरचा आकडा वहीत लिहा. मग हजार किलोमीटर नेहमीसारखी चालवा आणि तीच खूण गाठायला किती ऑइल लागतं ते मापाच्या भांड्याने मोजा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या मालकपुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटर चालतं असं म्हटलेलं असतं. मला तो आकडा उदार वाटतो, पण त्याच्या आत असाल तर निदान रात्री झोप लागायला हरकत नाही. मिस्त्रीशी बोलताना ‘लई पिते हो’ म्हणण्यापेक्षा ‘हजाराला आठशे मिली’ म्हटलं की समोरचा माणूस वेगळ्या नजरेने बघतो.

मी बोलतोय ती 2004 मध्ये आपल्याकडे आलेली पहिली व्हीआरएस, म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती: 1.8 लिटर, वीस व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती, आणि बाजूला चिकटलेला छोटा के03 टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. आता या गाड्या वीस वर्षांच्या झाल्या. सायलेंसरमधून निळा धूर दिसला की दहातले नऊ जण ‘टर्बो गेला’ म्हणून मोकळे होतात. आमच्याकडेही तसंच झालं. एका गॅरेजने टर्बो रिबिल्ड करून दिला, बिल झालं आणि तिसऱ्या आठवड्यात धूर पुन्हा हजर. दोष ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या वाटेच्या, फाटलेल्या पाइपात होता. म्हणून खालची सगळी तयारी टर्बोचा पहिला नट सैल होण्याआधीची आहे.

ऑइल जळतंय की गळतंय हे आधी ठरवा. इंजिन खालून धुवून, पुसून, वाळवून घ्या आणि संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर शिंपडा. एक चक्कर मारून आलात की ओल कुठून सुरू होते ते पावडरच सांगेल. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, कॅमच्या चेन टेन्शनरखालचं सील, ऑइल फिल्टरचं हाउसिंग आणि टर्बोच्या परतीच्या पाइपाचं गॅस्केट, या इंजिनात एवढ्या जागा नेहमीच्या. एक्झॉस्टवर थेंब पडून जळला की बॉनेटमधून वास येतो आणि लोक तोच धूर समजतात.

मग धूर बघायचा, आणि त्यासाठी मागच्या गाडीत बसायला एक भरवशाचा मित्र हवा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केल्यावर निळा फुसकारा येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत उतरू न देणाऱ्या सीलकडे पाहा. कात्रजच्या उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण काढून मिनिटभर या आणि मग अ‍ॅक्सिलरेटर दाबा. पाय काढलेला असताना इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम होतो, झिजलेल्या सील-गाइडमधून ऑइल आत ओढलं जातं आणि दाबताक्षणी ढग सुटतो. सतत ओढताना, लोड असेपर्यंत धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगांचा संशय. सिग्नलला बराच वेळ आयडलवर थांबून निघताना आला तर टर्बो किंवा पुन्हा सीलच. पांढरा, गोडसर वासाचा धूर कूलंटचा असतो, ते दुखणं वेगळं.

आता ब्रीदर. इथे घाई करू नका, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाचतात. टर्बोच्या आत रबरी सील नसतं. दांडीवर पिस्टनच्या रिंगेसारख्या बारीक कड्या असतात आणि ऑइल आत राहतं ते मुख्यतः दोन्ही बाजूंच्या दाबामुळे आणि ते खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) आपल्या वजनाने मोकळेपणी उतरतं म्हणून. ब्रीदर तुंबला की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, दाब वाढतो, परतीच्या पाइपातून ऑइल उतरेनासं होतं आणि ते कड्यांना ओलांडून कॉम्प्रेसरच्या नाहीतर टर्बाइनच्या बाजूला जातं. अशा वेळी ठणठणीत टर्बोही धूर काढतो. तपासणी फुकटची आहे: इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायच्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी धरा. पिशवी किंचित आत ओढली जायला हवी. फुग्यासारखी फुगली तर इनटेक मॅनिफोल्डखालचे सगळे ब्रीदर पाइप, व्हॉल्व्ह आणि वन-वे व्हॉल्व्ह बाहेर काढा. वीस वर्षांत ते रबर ऑइल पिऊन चिक्कीच्या पाकासारखं मऊ होतं, वरून साबूत दिसतं आणि बोटाने दाबलं की आत जातं. एक-एक न बदलता पूर्ण संच मागवा.

कॉम्प्रेशन टेस्टला (प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते गेजने मोजायला) जाण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, फ्युएल आणि इग्निशन बंद आणि थ्रॉटल पूर्ण उघडा, एवढं गॅरेजवाल्याला आधीच सांगून ठेवा. अर्धे लोक थ्रॉटल बंद ठेवूनच आकडे घेतात. या इंजिनाला 7 बार ही झिजेची खालची मर्यादा, आणि सिलिंडरांमध्ये 3 बारपेक्षा जास्त फरक नको. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. पण चारही आकडे छान आले म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत. कॉम्प्रेशन वरच्या रिंगा धरतात, ऑइल खरवडणारी खालची रिंग कार्बनने चिकटली असली तरी गेजला पत्ता लागत नाही. तेव्हा प्लग क्रमाने मांडून त्यांचा फोटो काढा आणि मोबाइलला जोडायचा स्वस्त कॅमेरा प्लगच्या भोकातून आत घाला. पिस्टनच्या कडा ओल्या, धुतल्यासारख्या दिसल्या तर ऑइल खालून वर येतंय.

चिकटलेल्या रिंगांवर स्वस्त प्रयोग करून बघायला हरकत नाही: कार्बन सोडवणारं द्रव्य रात्रभर सिलिंडरमध्ये ठेवायचं. फक्त प्लग बसवण्याआधी इंजिन नुसतं फिरवून ते सगळं बाहेर उडवा, राहिलं तर कनेक्टिंग रॉड वाकेल, आणि नंतर ऑइल बदला. व्हॉल्व्हची सील बदलायची ठरली तर वीसच्या वीस करा. सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून हेड न उतरवताही होतात. कॅम निघणारच आहेत, तर टायमिंग बेल्ट आणि त्याच्यावर चालणारा वॉटर पंपही त्याच मजुरीत घ्या.

इथपर्यंत सगळं स्वच्छ निघालं, तरच टर्बोकडे वळा. इनटेकचा पाइप काढल्यावर आत ऑइलचा पातळ थर दिसेल. तो ब्रीदरचा, त्याने दचकू नका. दांडी पुढेमागे ओढून पाहा, हाताला प्ले जाणवता कामा नये. आडवी जराशी हलली तर चालतं, बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं आणि आत्ता तो थर नाही. पाती घराला घासल्याची खूण मात्र नको. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा पाइप सोडून भांडं लावा: चमचाभर ऑइल निघालं तर नेहमीचं, कपभर निघालं तर टर्बोची पाळी आली.

टर्बो खरंच गेला असेल तर तो का गेला हे कळल्याशिवाय रिबिल्डचे पैसे देऊ नका. या इंजिनात टर्बोला ऑइल पुरवणारा बारीक पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या धगीशेजारून जातो आणि आतून कोळशाने भरत जातो. तो साफ करण्याच्या भानगडीत न पडता नवाच घ्या. संप उतरवून पिकअपची, म्हणजे पंप जिथून ऑइल ओढतो तिथली, जाळी बघा. काळा गाळ असतो, आणि कधीकधी आधीच्या कारागिराने हात सैल सोडून फासलेल्या सीलंटचे तुकडेही. संप परत बसवताना सीलंटची रेघ बारीक ठेवायला सांगा.

रिबिल्ड कोण करणार, हा पुढचा प्रश्न. ट्रकचे टर्बो आयुष्यभर उघडलेला कारागीर हाताने बेअरिंग-कड्या सुरेख बदलून देईल, पण के03 ची छोटी दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, आणि तिथे मशीनवरच्या बॅलन्सिंगशिवाय काम अर्धवट आहे. बॅलन्सिंगचा छापील रिपोर्ट मिळणार का, हे अ‍ॅडव्हान्स देण्याआधी विचारा. मिळणार नसेल तर बॅलन्स करून आलेला पूर्ण कोअर (टर्बोचा दांडी-बेअरिंगसकट मधला भाग) घेणं मला बरं वाटतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा नाना पेठेत जुना टर्बो मिळून जातो, पण त्याच्या दांडीचा इतिहास कोणाला ठाऊक! ऑडी एस3 चा मोठा के04 लावायचा मोह इथेच होतो; मॅनिफोल्ड, इंजेक्टर, क्लच, इंजिनाच्या कॉम्प्युटरचं मॅपिंग असा सगळा खर्च आधी कागदावर मांडा, मोह बहुतेक आपोआप उतरतो.

कामाच्या दिवशी गाडीत ठेवायचं सामान: सगळी गॅस्केटं, पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर, मॅनिफोल्डचे नवे स्टड-नट, फोक्सवॅगनच्या 502 00 मंजुरीचं 5डब्ल्यू-40 सिंथेटिक ऑइल, फिल्टर, आणि कूलंट, कारण हा टर्बो पाण्यानेही थंड होतो. आदल्या संध्याकाळी जुन्या नटांवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. इंटरकूलर आणि पाइप धुतल्याशिवाय नवा टर्बो जोडू देऊ नका. आतलं जुनं ऑइल जळत राहील आणि रिबिल्ड फसलं असं वाटेल. टर्बोत वरून ऑइल ओता, फ्युएल आणि इग्निशन बंद ठेवून इंजिन फिरवा, प्रेशरचा दिवा विझला की मगच चालू करा आणि काही मिनिटं आयडलवरच ठेवा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मुरलेलं ऑइल जळेपर्यंत थोडा धूर येईल. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलताना जुना फिल्टर कापून त्याची घडी उजेडात उलगडून बघा, चमकणारा कण दिसला तर गाडी तिथेच उभी करा.