अडीचशे वर्षांपूर्वीचं अमेरिकन पत्र वाचायला घेताना

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात मी ३१ वर्षं स्टेनो होते. ‘युवर फेवर ऑफ द टेन्थ इन्स्टंट टू हँड’ असं साहेब सांगायचे आणि मी मुकाट्याने टाइप करायचे. निवृत्तीनंतर भाचीने टॅब दिला. त्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ‘फाउंडर्स ऑनलाइन’ ही फुकट साइट सापडली. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफर्सन या अमेरिका स्वतंत्र करणाऱ्या पुढाऱ्यांची पत्रं तिथे छापील अक्षरात वाचता येतात. दुसऱ्या-तिसऱ्या पत्रातच माझा जुना ‘फेवर’ भेटला आणि मी तिथेच रमले.

तर पहिली गोष्ट हीच. व्यापारी पत्रात ‘फेवर’ म्हणजे मेहरबानी नाही, पत्र. भाची वाचून म्हणाली, “मावशी, या माणसाने एका महिन्यात तीन उपकार केलेत गं!” उपकार कसले, तीन पत्रं आली होती. ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे गेला महिना. या दोन शब्दांपुढे पेन्सिलीने खरा महिना लिहून ठेवा, नाहीतर कोणतं पत्र कोणाचं उत्तर आहे याचा पत्ता लागणार नाही.

तारखेत आणखी एक खोच आहे. इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींत १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. आपल्याकडे पाडव्याला वर्ष बदलतं आणि कॅलेंडर जानेवारीत, तसाच प्रकार. म्हणून जुन्या पत्रांत फेब्रुवारीपुढे १७३१/२ असा जोडआकडा दिसतो. ती चूक समजून खोडू नका. त्या १७५२ सालात २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. वॉशिंग्टनचा जन्मदिवस ११ फेब्रुवारीचा २२ झाला तो या बदलामुळेच.

मूळ कागदाचा फोटो बघणार असाल तर ‘एफ’सारखं दिसणारं लांब ‘एस’ ओळखायला शिका. ते शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये येतं, शेवटी येत नाही. ‘वाय’वर बारीक ‘ई’ चढवलेला दिसला तर तो ‘द’ वाचायचा. आजोबांचे मोडीतले जमिनीचे कागद ज्यांनी डोळे ताणून लावलेत, त्यांना हे जमायला आठवडा पुरे.

मग कागदाची पाठ बघा. लिफाफा सहसा नसायचा. कागदाची घडी घालून लाखेने बंद करायचा आणि वरच पत्ता. टपालखर्च अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर, आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्याने भरायचा, आपल्या बैरंग पत्रासारखा. त्यामुळे त्या गावी जाणाऱ्या ओळखीच्याच्या हाती पत्र देणं सगळ्यांनाच सोयीचं पडे. पाठीवर कोणा गृहस्थाचं किंवा कप्तानाचं नाव दिसलं की समजायचं, पत्र त्याच्या खिशातून गेलं. फ्रँकलिन १७५३ पासून वसाहतींचा उपमहाटपालप्रमुख. त्याला टपाल माफ, आणि तो पाठीवर सही करायचा ‘बी. फ्री फ्रँकलिन’! आमच्या डिस्पॅच क्लार्कला हे फार आवडलं असतं.

समुद्रापारच्या पत्राची सुरुवात कंटाळवाणी वाटते: ‘माझं मागचं पत्र अमक्या जहाजाने, त्याची नक्कल सोबत.’ ती गाळू नका. जहाज बुडेल, पकडलं जाईल, म्हणून एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांनी जात. हुंडीच्यासुद्धा तीन प्रती निघत आणि कुठलीही एक वटली की बाकीच्या रद्द. म्हणून एकाच मजकुराची दोन पत्रं दिसली तर माणूस विसरभोळा होता असं ठरवू नका.

पैशाचा आकडा आला की मात्र थांबायचंच. वीस शिलिंगांचा पौंड म्हटला तरी सगळ्या वसाहतींत सारखा नव्हे. एक स्पॅनिश डॉलर, म्हणजे तेव्हा तिथे चालणारं चांदीचं नाणं, बोस्टनमध्ये ६ शिलिंग, फिलाडेल्फियात साडेसात, न्यूयॉर्कला ८. म्हणजे बोस्टनचे १०० पौंड सुमारे ३३३ डॉलर आणि न्यूयॉर्कचे १०० पौंड फक्त २५०. पत्र कुठून लिहिलंय ते बघितल्याशिवाय कोणालाही श्रीमंत ठरवू नका.

आता मायना, म्हणजे पत्राच्या सुरुवातीचे आणि शेवटचे ठरलेले शब्द. लोक तो वगळतात, मी तो आधी वाचते. ‘युवर मोस्ट ओबिडियंट हंबल सर्व्हंट’ हे आपलं ‘सा. न. वि. वि.’. लिहिणारा कोणाचा नोकर नसतो आणि आपणही कधी पत्र लिहिताना आडवे पडत नाही. पण नेहमीचा मायना जिथे बदलतो तिथे काहीतरी घडलेलं असतं. ॲबिगेल ॲडम्स नवऱ्याला, जॉन ॲडम्सला, ‘माय डिअरेस्ट फ्रेंड’ लिहायची. माझ्या आजीने आजोबांना जन्मात एकच पत्र लिहिलं, त्याला मायनाच नव्हता. काय म्हणून हाक मारायची?

याचा कळस फ्रँकलिनच्या ५ जुलै १७७५ च्या पत्रात आहे. लंडनचा छापखानदार विल्यम स्ट्रॅहन त्याचा जुना मित्र आणि धंद्यातला माणूस. फ्रँकलिनचा भागीदार डेव्हिड हॉल यालाही फिलाडेल्फियाला धाडलं ते स्ट्रॅहननेच. पण अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि स्ट्रॅहन होता इंग्लंडच्या संसदेत. फ्रँकलिन लिहितो, आपण फार दिवसांचे मित्र. आता तू माझा शत्रू आहेस, आणि मी आहे... इथे ओळ मोडून खाली ‘युवर्स, बी. फ्रँकलिन’. रोजचाच मायना, पण आता त्याचा अर्थ ‘तुझा शत्रू’. एरवी आपली नजर ‘युवर्स’वरून घसरून जाते.

ते पत्र त्याने पाठवलंच नाही. पुढे दोघांचं जमलंही. त्या दोघांची आधीची, शांततेच्या काळातली पत्रं काढा. त्यांत मागवलेली पुस्तकं, राहिलेले हिशेब आणि बायकामुलांची खुशाली एकाच कागदावर सापडते. चार-पाच वाचून झाली की मग हे उघडा.