स्कॉर्पियन्स नीट ऐकायचेत? मग पहिल्या अल्बमपासून सुरू करू नका

बरेच जण 'विंड ऑफ चेंज' या शिट्टीवाल्या गाण्यामुळे स्कॉर्पियन्स या जर्मन रॉक बँडकडे येतात, मग उत्साहात पहिला अल्बम, १९७२ चा 'लोनसम क्रो' लावतात आणि दहा मिनिटांत बंद करतात, कारण त्यात तो ओळखीचा बँड सापडतच नाही. माझ्या मित्रांपैकी तिघांचं असंच झालं. गिटारिस्ट रुडॉल्फ शेंकरनं १९६५ मध्ये हॅनोव्हरला बँड सुरू केला, म्हणजे साठ वर्षांचा पसारा आहे, त्यात शिरायला दार बरोबर निवडावं लागतं.

दार म्हणजे १९७९ चा 'लव्हड्राइव्ह'. मग १९८२ चा 'ब्लॅकआउट', मग १९८४ चा 'लव्ह ॲट फर्स्ट स्टिंग'. आठवडाभर हे तीनच ऐका. आणि एक गोष्ट मुद्दाम करा, सोलोकडे, म्हणजे गिटार एकटी पुढे येते त्या भागाकडे, लक्ष देऊ नका, मागे ताल धरून चाललेली रुडॉल्फची रिदम गिटार पकडा. सोलो बहुतांशी दुसरा गिटारिस्ट मथायस याब्सचा, तो आपोआप कानात शिरतो, पण गाणं उभं असतं ते रुडॉल्फच्या हातावर. हे एकदा ऐकू आलं ना, की बँड कळायला लागतो. नागपुरात मे महिन्यात कूलरच्या घरघरीत हे स्पीकरवर अजिबात होत नाही हां, बेस तर पूर्ण गिळला जातो, इअरफोन घ्या नाहीतर रात्री कूलर जरा वेळ बंद करून गच्चीवर जा.

'ब्लॅकआउट' ऐकताना गायक क्लाऊस मायनेचा आवाज लक्षात ठेवा. त्याआधी त्याचा आवाज गेला होता, स्वरतंतूंचं ऑपरेशन झालं, दुसरा गायक शोधा असं तो स्वतःच म्हणाला, पण हे लोक थांबले त्याच्यासाठी. मला या बँडबद्दल सगळ्यात जास्त प्रेम याच गोष्टीमुळे आहे.

आता मागे जा. १९७५ चा 'इन ट्रान्स' आणि १९७८ चा लाइव्ह 'टोकियो टेप्स'. इथे गिटारवर उली जॉन रोथ आहे, अमेरिकन गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सचा भक्त, वेगळाच माणूस, 'टोकियो टेप्स'नंतर तो बँडमध्ये राहिला नाही. उली भारी की याब्स यावर आम्ही मित्र रविवारी तर्री पोह्याच्या ठेल्यावर तासतासभर भांडलोय, माझं मत उलीकडे, पण सुरुवात याब्सनंच करावी. 'लोनसम क्रो' आता लावा, आता तो आवडेल.

मग १९९० चा 'क्रेझी वर्ल्ड' आणि ते शिट्टीवालं गाणं, पण त्याआधी एवढं माहीत असू द्या की १९८८ मध्ये ते सोव्हिएत रशियात लेनिनग्राडला दहा शो करून आले होते, ऑगस्ट १९८९ मध्ये मॉस्कोच्या लेनिन स्टेडियममध्ये वाजवलं आणि तिथून परतल्यावर क्लाऊसनं हे गाणं लिहिलं, त्याच नोव्हेंबरात बर्लिनची भिंत उघडली. फाळणी झालेल्या जर्मनीत वाढलेली ही पोरं. शब्द वाचत ऐका, त्यातली मॉस्कवा नदी आणि गॉर्की पार्क खरीखुरी आहेत, आणि शिट्टीही क्लाऊसचीच.

नव्वदीतले बाकीचे अल्बम शेवटी ठेवले तरी चालतील, 'आय टू आय' तर सगळ्यात शेवटी. त्यापेक्षा २००१ चा लिस्बनमधला 'अकूस्टिका' घ्या, घरच्यांसोबतही ऐकता येतो.

२०१० मध्ये त्यांनी निरोप जाहीर केला होता, तो काही त्यांना जमला नाही. २०१६ पासून ड्रमवर मोटरहेड या बँडचा जुना ड्रमर मिकी डी आहे, त्यानं जो जोर आणला तो २०२२ च्या 'रॉक बिलिव्हर'मध्ये ऐका. आणि तो संपला की मध्ये काही न लावता लगेच 'टोकियो टेप्स' परत लावा, क्लाऊसचा तिशीच्या उंबरठ्यावरचा आवाज आणि सत्तरी ओलांडल्यावरचा आवाज असे एकामागे एक ऐका.